मुस्तफाचं मशीन घरी आलंय, पडदा काळा आहे. ट्यूब शोधू की एलसीडी बसवू?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात भडगावच्या एका किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावरून व्हिडिओ गेमचं मशीन उतरवून पाचोऱ्याला घरी आणलं. नव्वदच्या दशकात दुकानाशेजारच्या खोलीत या आबांचं पार्लर होतं. चार मशीन होती. तीन भंगारात गेली, हे एक पोत्यांच्या मागे राहून गेलं. प्लायवूडची पेटी आहे, खालच्या कडेला वाळवी लागलीये, पण वरचा भाग ठणठणीत आहे. गेम आपल्या सगळ्यांचा लाडका 'मुस्तफा', म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. बोर्ड कॉपी आहे, आवाजावरूनच कळतं.

पेटी चालू केली की बोर्डावरचा दिवा लागतो, कॉइन टाकल्यावर 'टुंग' वाजतं, स्टार्ट दाबला की संगीत सुरू होतं. पडदा मात्र काळाकुट्ट. आत २० इंची रंगीत टीव्हीची ट्यूब आणि बाहेरून बसवलेलं कुठलं तरी लोकल चासी (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड).

दोन प्रश्न आहेत. एक, कन्व्हर्टर लावून एलसीडी बसवावा की ट्यूबच जिवंत करावी? दोन, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे आज असे पार्ट मिळतात का, की मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच जावं लागेल? मला हे मशीन होतं तसंच चालवायचंय. लहानपणी दोन रुपये घेऊन याच खोलीबाहेर मी रांगेत उभा राहिलोय.

नंदुरबारी

वाचनखूण साठवली. फोटो टाका भाऊ!

एलओटी

गिरणाकाठ भाऊ, मी जळगावात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीच केली. काळा पडदा म्हणजे ट्यूब गेली, असं लगेच धरून चालू नका. माझ्या अनुभवात ट्यूब सगळ्यात शेवटी जाते, आधी चासी जातं.

खोलीत अंधार करा आणि ट्यूबच्या मानेकडे मागून बघा. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात आत नारिंगी ठिपका दिसला तर हीटर शाबूत आहे. मग चालू-बंद करताना पडद्याच्या काचेजवळ हाताच्या पाठीवरचे केस उभे राहतात का बघा. राहिले तर ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज, येतोय. नाही राहिले तर लाइन सेक्शन (ते व्होल्टेज तयार करणारा भाग) बसलंय: बीयू५०८ ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल, नाहीतर एलओटी (त्या भागातला ट्रान्स्फॉर्मर) फुटला असेल. पडद्याच्या मधोमध एकच आडवी लख्ख रेघ आली, तर दोष व्हर्टिकलमध्ये, म्हणजे चित्र उभं पसरवणाऱ्या भागात. तसं झालं तर ब्राइटनेस लगेच कमी करा, रेघ पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या थरात भाजते आणि परत जात नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. जाड इन्सुलेशनचा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेला जोडा, मगच त्या व्होल्टेजच्या जागेवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवा. 'टच' असा आवाज येईल. पाच मिनिटांनी पुन्हा करा, कारण काचेत उरलेला चार्ज परत वर येतो. दुसरा हात खिशात ठेवा.

रेल्वेलाइन

भुसावळहून लिहितोय. माझ्याकडे दोन मशीन आहेत, दोन्हींना एलसीडी लावलाय आणि मी समाधानी आहे.

अडचण अशी की आर्केड बोर्ड (पार्लरच्या मशीनमधला गेम बोर्ड) १५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या आडव्या वारंवारितेवर चित्र देतो आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर ३१ च्या खाली उतरत नाही. थेट जोडलं तर 'आउट ऑफ रेंज' येतं. मध्ये जीबीएस-८२०० किंवा ८२२० बोर्ड टाकायचा. तो आरजीबी (लाल, हिरवा, निळा सिग्नल) आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) घेऊन व्हीजीए, म्हणजे कॉम्प्युटर मॉनिटरचा सिग्नल, देतो. ऑनलाइन मिळतो, पाच व्होल्टवर चालतो. आर्केड बोर्डाचा रंगाचा सिग्नल ३ व्होल्टच्या आसपास असतो आणि हा बोर्ड ०.७ व्होल्टची अपेक्षा करतो, म्हणून प्रत्येक रंगाला प्रीसेट (फिरवून रोध बदलायचा छोटा रेझिस्टर) लावून कमी करा. नाहीतर पांढरं सगळं फुटतं, मुस्तफाची टोपी आणि मागचं आकाश एकच दिसतं. नंतर त्याला ईएसपी८२६६ची छोटी चिप जोडून जीबीएस-कंट्रोल हे सॉफ्टवेअर टाकलं तर चित्र आणखी सुधारतं.

मॉनिटर घेताना एक बघा. सायबर कॅफेवाले विकतात ते १७ आणि १९ इंची 'चौकोनी' मॉनिटर ४:३ नसतात, ते १२८० बाय १०२४ म्हणजे ५:४ असतात. चित्र थोडं उभट ताणलं जातं. जुना १५ इंची १०२४ बाय ७६८ असेल तर तो खरा ४:३.

अमळनेरची लेक

रेल्वेलाइन दादा, तुमची मेहनत मोठी आहे, पण मी ठामपणे ट्यूबच्या बाजूने.

माझ्या वडिलांचं अमळनेरला बसस्टँडजवळ गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायची. सखाराम महाराजांच्या यात्रेत वाडी संस्थानाजवळ तंबू टाकून दोन मशीन न्यायचो, रात्री बारापर्यंत पोरं हटायची नाहीत. त्या ट्यूबवर बटण दाबलं की त्याच क्षणी लाथ बसायची. एलसीडीवर मला एका श्वासाचा उशीर जाणवतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. कन्व्हर्टरने एक-दोन फ्रेम खाल्ल्या आणि पॅनेलने आणखी थोडं, की मारामारीच्या गेममध्ये ते हाताला कळतं. मुस्तफात चालून जाईल, 'स्ट्रीट फायटर २'मध्ये नाही.

शिवाय या गेमची चित्रं ट्यूबसाठीच काढलेली. कॅपकॉमचा तो बोर्ड ३८४ बाय २२४ ठिपके काढतो. ट्यूबवर दोन ओळींच्या मधल्या काळ्या फटी आणि ठिपक्यांचं एकमेकांत विरघळणं यामुळे डायनासोरच्या अंगाला गोलाई येते. एलसीडीवर तो विटांचा दिसतो.

वडील आता नाहीत. त्यांची सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे, अजून चालते.

साक्रीकर

ताई, यात्रेचं वाचून अंगावर काटा आला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या कडेला असाच तंबू असायचा. बाहेर जनरेटरचा धूर, आत मुस्तफा. काका भरीत-भाकरी खायला बसले की आम्ही सटकायचो. जनरेटरचा वेग कमी झाला की चित्र आकसायचं, आणि सगळी पोरं एकदम "ए भाऊ, डिझेल टाक!"

नंदुरबारी

एक भाबडा प्रश्न. एवढा खटाटोप करण्यापेक्षा आत जुना कॉम्प्युटर ठेवून एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) का नाही? मेम नावाचा एमुलेटर तर १९९७ पासून फुकट आहे.

रेल्वेलाइन

चालतं की. आणि त्यातही ट्यूब वापरता येते: जुनं एटीआय रेडिऑन कार्ड आणि सीआरटी इमूड्रायव्हर टाकला की व्हीजीएच्या भोकातून थेट १५ किलोहर्ट्झ निघतं. पण गिरणाकाठ भाऊंकडे चालू बोर्ड आहे. चालू बोर्ड काढून कॉम्प्युटर बसवायला माझंही मन होणार नाही.

गिरणाकाठ

एलओटी काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. हीटर लागतो! मानेत नारिंगी ठिपका स्पष्ट दिसला, घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. पण हाताचे केस उभे राहत नाहीत. बीयू५०८ काढून मीटरवर बघितला, कलेक्टर-एमिटर दोन्हीकडून शॉर्ट. नवा टाकला (पाचोऱ्यातच मिळाला), दहा सेकंदांत तोही गेला. एलओटीच्या कडेला बारीक चीर आहे आणि तिच्याभोवती काळा डाग.

एलओटी

मग तो एलओटीच. आतली वळणं शॉर्ट झाली की तो ट्रान्झिस्टर खातच राहतो. आता नवा ट्रान्झिस्टर टाकू नका, पैसे वाया जातील.

लोकल चासीचा एलओटी जुळवणं अवघड. पिना सारख्या दिसल्या तरी आतले टॅप वेगळे असतात. गोलाणी मार्केटमध्ये पूर्वी नंबर सांगितला की एलओटी हातात यायचा, आता मोबाइलचे ग्लास आणि बॅटऱ्या मिळतात. तरी जुन्या दुकानांत मागच्या फळीवर माल पडलेला असतो, नंबर लिहून नेऊन विचारा.

नाहीतर दोन मार्ग. पहिला, 'चायना किट'. १४ ते २१ इंची ट्यूबला चालणारी पूर्ण चासी, एलओटीसकट. पण योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) जुळायला हवा: मीटरने आडव्या आणि उभ्या कॉइलचा रोध मोजा, आडवी साधारण एक ते तीन ओहम आणि उभी आठ ते पंधरा असेल तर बहुतेक जमतं. ट्यूबची मानही बघा, बारीक मानेला जाड मानेचं सॉकेट बसत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. एव्ही सॉकेट असलेला २१ इंची चालू टीव्ही शोधा आणि ट्यूब, योक, चासी तिन्ही एकत्र पेटीत बसवा. तिघांना वेगळं करू नका. रंगांची जुळणी कारखान्यात केलेली असते, ती मोडली की परत बसवायला दिवस जातो.

पांझराकाठ

एलओटी काकांना अनुमोदन. मी धुळ्यात असंच केलंय. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, त्यांची आडवी वारंवारिता १५,६२५ हर्ट्झ. अमेरिका-जपानची १५,७३४. आर्केड बोर्ड त्याच आसपास, त्यामुळे टीव्ही तो सहज पकडतो. फरक फक्त उभ्या वेगाचा, ५० ऐवजी ६०. नव्वदच्या शेवटचे आणि त्यानंतरचे बहुतेक सेट दोन्ही ओळखतात.

आरजीबी आत कसा घालायचा, तर टीव्हीच्या हिरव्या-निळ्या अक्षरांच्या वाटेने. आवाज वाढवला की पडद्यावर पट्टी येते ना, ती मायक्रोकंट्रोलरकडून तीन रंगांच्या तारांनी मुख्य आयसीकडे जाते. त्या तीन वाटा तोडून तिथे आपला सिग्नल घालायचा: प्रत्येक रंगाला ५०० ओहमचा प्रीसेट, मग ७५ ओहम ग्राउंडला, मग ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि तिथून आयसीत. चौथी वाट ब्लँकिंगची (टीव्हीचं स्वतःचं चित्र झाकून आपले रंग दाखवणारी), तिला कायम चालू ठेवायला लागणारं व्होल्टेज त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये बघा. सिंक एव्हीच्या व्हिडिओ सॉकेटात, ४७० ओहममधून. आर्केडचा सिंक टीव्हीला फार मोठा असतो, थेट देऊ नका.

कारखान्यातूनच एव्ही सॉकेट आलेलं असेल तर त्या बाजूचं ग्राउंड मेनपासून वेगळं असतं. सॉकेट नसलेल्या जुन्या सेटची चासी थेट मेनवर असू शकते, तिला गेम बोर्ड जोडला तर बोर्डही जाईल आणि माणूसही. तिथे १:१ आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरशिवाय हात लावायचा नाही.

केळीबाग

मी रावेरचा. मला इथे वेगळं सांगायचंय, थोडं मनाला लागलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात भुसावळच्या एका भंगार गोदामात ठिबकच्या नळ्या विकायला गेलो होतो. तिथे एक पोरगा हातोडीने टीव्हीच्या माना तोडत बसला होता. मान तुटली की 'फुस्स' करून हवा आत जाते, मग तो योक ओढून काढतो. तांबं एका पोत्यात, उरलेली ट्यूब ढिगावर. पंचवीस-तीस ट्यूब असतील. बहुतेक चालू सेटच्या, घरात एलईडी आला म्हणून दिलेल्या. त्या काचेत शिसं असतं आणि आतली पावडर तो उघड्या हाताने झटकत होता. त्याला पाणी दिलं, रुमाल बांधायला सांगितला.

येताना मी चार टीव्ही तांब्याच्या भावाने उचलून आणले. केळीच्या गोदामात, वखारीच्या फळीवर, पोतं पांघरून ठेवलेत. त्यात एक २१ इंची आहे, पुढे एव्ही सॉकेट, रिमोट नाही पण चित्र स्वच्छ. गिरणाकाठ भाऊ, तो तुमचा. पैसे नकोत.

अमळनेरची लेक

केळीबाग भाऊ, तुम्हाला दंडवत.

साक्रीकर

+१. हा माणूस जपा रे.

गिरणाकाठ

भाऊ, काय बोलू. रविवारी येतो रावेरला.

सोल्डरगन

ट्यूब मिळाली, आता बोर्डाकडे वळा. मी चाळीसगावचा, माझ्याकडे सहा बोर्ड आहेत.

जामा हार्नेस (गेम बोर्ड पेटीला जोडणारी वायरींची जुडी) १९८५ पासूनचं मानक आहे, ५६ पिनांचं, दोन्ही बाजूंना २८. ग्राउंड १ आणि २, पाच व्होल्ट ३ आणि ४, बारा व्होल्ट ६, लाल १२, निळा १३, व्हिडिओ ग्राउंड १४, खालच्या बाजूला हिरवा एन आणि सिंक पी. सात नंबरला खाच. कनेक्टर उलटा घातला तर सोन्यासारखा बोर्ड जळतो, म्हणून खाचेत प्लास्टिकचा तुकडा आहे का ते आधी बघा, जुन्या हार्नेसमधून तो हमखास पडलेला असतो.

बोर्डाच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर शाळेच्या खोडरबराने घासा, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावा. पाच व्होल्ट सप्लायवर मोजू नका, बोर्डावर मोजा. बारीक वायरीत अर्धा व्होल्ट सहज पडतो आणि ४.७ वर गेम मध्येच रिसेट होतो. सप्लाय बदलायचा तर जुना एटी कॉम्प्युटरचा बघा, त्यात काही बोर्डांच्या आवाजाला लागणारे उणे ५ व्होल्टही असतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी: कंडेन्सर ८५ डिग्रीचे नकोत, १०५ चेच टाका. तापमान दहा डिग्रीने वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५, बंद पेटीत किती होत असेल विचार करा. मागे एक छोटा पंखा लावा.

नंदुरबारी

ओरिजिनल बोर्ड घ्यावा का पण? कॉपी ती कॉपीच.

सोल्डरगन

मुस्तफाचा ओरिजिनल बोर्ड क्यूसाउंड या ध्वनी पद्धतीचा आहे, त्यात बॅटरी असते. ध्वनीच्या प्रोसेसरचा कोड उलगडायची किल्ली तीच जिवंत ठेवते. बॅटरी संपली की बोर्ड मरतो, पुन्हा उठवायला वेगळं काम करावं लागतं. कॉपीत बॅटरीच नाही, म्हणून इतकी वर्षं पोत्यांमागे पडूनही तो बोलतोय. आवाज ओरिजिनलसारखा नाही हे मान्य, पण खान्देशातल्या पोरांनी ऐकलेला आवाज हाच.

ज्यांच्याकडे निओ जिओचे एमव्हीएस (आर्केड बोर्ड) असतील त्यांनी मात्र आजच पेटी उघडा. त्यावरची ३.६ व्होल्टची बॅटरी गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक हिरवे करून खाऊन टाकते.

अमळनेरची लेक

बटणांचं सांगते. वडील आतले मायक्रोस्विच बदलायचे. आता खास आर्केडचे मिळाले नाहीत तर ओव्हन दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, मायक्रोवेव्हच्या दारातले स्विच बहुतेकदा त्याच मापाचे असतात. दाबायला थोडे कडक लागतात, लहान मुलांना त्रास होतो, पण चालतात.

रेल्वेलाइन

इथलं वाचून माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये मी कॉम्प्युटरचा जुना १७ इंची ट्यूब मॉनिटर लावला, जीबीएसच्या पुढे. पॅनेलचा उशीर गेला, चित्र मऊ झालं. टीव्हीच्या आत हात घालायचा नसेल त्यांना हा मधला मार्ग चांगला आहे. एलसीडी मी पहिल्या मशीनला ठेवणारच, तो रोज चालतो आणि वीज कमी खातो.

गिरणाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

केळीबाग भाऊंनी टीव्हीबरोबर केळीचा घडही दिला. घरी येऊन एलओटी काकांच्या पद्धतीने दोनदा डिस्चार्ज केला, ट्यूब-योक-चासी एकत्र ठेवून सुताराकडून सागाची नवीन चौकट करून घेतली, कारण जुन्या २० इंचीचे कान आणि २१ इंचीचे कान जुळत नव्हते. पांझराकाठ भाऊंच्या पोस्टचा कागद काढून भिंतीला चिकटवला होता.

पहिल्या वेळी चित्र तिरक्या फाटलेल्या साडीसारखं आलं. दोन तास शोधलं. सिंकचं ग्राउंडच जोडायचं राहिलं होतं. जोडलं आणि चित्र एका झटक्यात ताठ उभं राहिलं. डावीकडे बोटभर काळी पट्टी होती, ती टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत जाऊन आडवं सरकवून घालवली. लाल जरा जास्त होता, प्रीसेट पाव फेरा मागे. मग ती पिवळी टोपी पिवळी दिसली.

भडगावच्या आबांना व्हिडिओ कॉल केला. ते काही बोलले नाहीत, शेजारच्या नातवाला म्हणाले, "आपलंच मशीन हे."

एक गोष्ट अडलीये. कॉइनची खाच जुन्या रुपयाच्या मापाची आहे, तो १९९२ नंतरचा २५ मिलिमीटरचा. २०११ पासूनचा रुपया २२ चा आहे, तो सरळ घरंगळून परत येतो. खाचेत पत्रा घालून छोटी करावी का?

सोल्डरगन

पत्रा नका घालू! जुने रुपये शोधा. माझ्याकडे सात-आठ निघतील.

एलओटी

आमच्या देवघरात कलशाखाली काही असतील, बायकोला विचारून सांगतो.

केळीबाग

माझ्याकडे एक डबाभर आहेत, मजुरीच्या सुट्ट्या पैशांतून बाजूला ठेवलेले. काळजी नको करू भाऊ, बठ्ठं व्हई जाई. येत्या रविवारी पाचोऱ्याला येतोय, पोराला घेऊन. पहिला कॉइन तो टाकेल.